दुकान गावातले, निर्णय कोणाचा?

महाराष्ट्रात एक मतदान असे होते की त्यात उमेदवारच नसतो. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातले परवानाधारक दारूचे दुकान चालू राहावे असे ज्या स्त्रीला वाटते ती उभ्या बाटलीवर शिक्का मारते, बंद व्हावे असे वाटते ती आडव्या बाटलीवर. २००८ च्या शासकीय आदेशाने या मतदानाची रीत घालून दिली. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की अधिकाऱ्यांनी तिची पडताळणी करून गुप्त मतदान घ्यायचे. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवी बाटली निवडली, तर दुकान बंद.

नशेच्या वस्तूचे कायदेशीर दुकान आपल्या वस्तीत असावे की नसावे हे वस्तीने ठरवावे, हा विचार आज जगात पुन्हा चर्चेत आहे. निमित्त आहे गांजाचे. कॅनडाने २०१८ मध्ये गांजाची विक्री कायदेशीर केली, तेव्हा ओंटारिओ प्रांताने आपल्या ४१४ नगरपालिकांना विचारले : तुमच्या हद्दीत दुकाने हवीत की नकोत? २२ जानेवारी २०१९ ही उत्तराची शेवटची तारीख होती. ७७ पालिकांनी ‘नकोत’ असे कळवले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१६ च्या सार्वमताने गांजा कायदेशीर झाला, तरी तिथल्या शहरांना आणि कौंटींना दुकाने नाकारण्याचा हक्क राहिला आणि अनेकांनी तो वापरला.

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या इतिहासात तो दीडशे वर्षे वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे. तो इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते, की ‘दुकान हवे की नको’ एवढे विचारून भागत नाही. कोणी ठरवायचे, ठरवलेले कोणी पाळून घ्यायचे आणि विक्रीचा पैसा कोणाकडे जातो, हे तीन प्रश्न त्याला जोडूनच येतात.

मोह, गांजा आणि सरकारी परवाना

१८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि चांदा जिल्हा त्यांच्या ताब्यात आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, त्यात हा जिल्हा गेला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा त्याचाच भाग होता. तो स्वतंत्र झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

या प्रदेशातल्या जंगलात मोहाची झाडे भरपूर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे त्याची मांसल, फिकट पिवळी फुले खाली गळतात. वाळलेल्या फुलांच्या वजनात सुमारे निम्मी किंवा त्याहून अधिक साखर असते. म्हणून हे फूल गोंड, माडिया आणि इतर वनवासी लोकांचे अन्न होते आणि आहे. टंचाईच्या दिवसांत त्याचा मोठा आधार असे. हीच फुले पाण्यात भिजत ठेवली की यीस्ट साखरेवर काम करू लागते आणि साखरेचे अल्कोहोल होते. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. त्यामुळे सडवा तापवून वाफ थंड केली की दारू वेगळी काढता येते. त्यासाठी लागते चूल, दोन-तीन मडकी आणि एखादी नळी. कच्चा माल झाडाखाली पडलेला आणि साधने घरातली, हे दारूच्या कायद्यांच्या इतिहासात कायम लक्षात ठेवावे लागते.

इंग्रज सरकारने या व्यवहारावर अबकारी कर बसवला. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारचा. तो लिलावात बोली लावणाऱ्या मक्तेदाराला मिळायचा. मराठीत दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता असाच आहे. घरी दारू काढणारा आदिवासी यामुळे गुन्हेगार ठरू लागला. शेजारच्या मुंबई इलाख्यात तर १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा करून फुलांच्या साठ्यावरच बंधने आणली गेली.

गांजाचेही असेच होते. मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातल्या खांडवा भागापुरती मर्यादित होती आणि तिला परवाना लागे. तिथला माल प्रांतभरच्या परवानाधारक दुकानांत जाई. दुकानांचे परवाने लिलावाने दिले जात. म्हणजे आज ज्या ‘कायदेशीर गांजाच्या दुकानां’ची बातमी आपण परदेशातून आली म्हणून वाचतो, ती आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात आपल्याच प्रांतात होती.

इथे थोडे वनस्पतिशास्त्र पाहू. भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात. या झाडात नर आणि मादी वेगवेगळे असतात. मादी झाडाच्या फुलोऱ्यातले राळयुक्त शेंडे म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस आणि पाने म्हणजे भांग. परागण झाले तर बिया धरतात आणि मालाचा कस उतरतो, म्हणून गांजाचे शेतकरी नर झाडे ओळखून उपटून टाकत. नशा आणणारे मुख्य द्रव्य टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हे राळेत सर्वांत जास्त असते. त्याची रचना १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेखुलाम आणि येहिएल गाओनी यांनी उलगडली. भांग आणि गांजा यांत पुढे भारतीय कायद्याने जो भेद केला, त्याचे मूळ झाडाच्या या दोन वेगळ्या भागांत आहे.

‘लोकमत’ कागदावर येते

दुकान कुठे असावे याबाबत तिथल्या लोकांना काही म्हणायचे असेल, हे सरकारच्या मनात सुरुवातीला नव्हते. ते म्हणणे आधी इथल्याच लोकांनी मांडले. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी पालिकेच्या अध्यक्षपदाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला पत्र लिहून हरकत घेतली. पालिका शहराच्या आरोग्यासाठी खर्च करते आणि दुसऱ्या बाजूने शहराचे आरोग्य बिघडवणारी दुकाने उघडतात, ही विसंगती त्यांना खटकली होती. स्थानिक संस्थेच्या सदस्याने परवान्यांविरुद्ध उठवलेला महाराष्ट्रातला हा फार जुना आवाज आहे.

पुढे ही तक्रार इंग्लंडपर्यंत पोचली. १८८९ मध्ये ब्रिटिश संसदेत भारत सरकारच्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव मंजूर झाला. त्यामागे सॅम्युएल स्मिथ आणि डब्ल्यू. एस. केन हे मद्यपानविरोधी सदस्य होते. उत्तरादाखल भारत सरकारने १८९० मध्ये आपली तत्त्वे मांडली. कर शक्य तितका चढा ठेवावा, मात्र चोरटा धंदा वाढेल इतका नव्हे. दुकानांच्या संख्येला मर्यादा असावी. आणि स्थानिक लोकमत काय आहे हे जाणून घेण्याचा प्रयत्न करून त्याचा वाजवी मान राखावा, असे त्यात होते.

‘वाजवी मान’ हे शब्द नीट पाहावेत. लोकमत जाणून घ्यायचे होते, ते बंधनकारक नव्हते. मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा १८८३ मध्ये झाला होता. पण दुकानाचा परवाना देणारे हात जिल्हाधिकाऱ्याचेच राहिले.

केन यांनीच १८९३ मध्ये गांजाचा प्रश्न संसदेत काढला आणि त्यातून भारतीय हेंप ड्रग्ज आयोग नेमला गेला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग धरून सात सदस्य, त्यांपैकी तीन भारतीय. आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. अहवाल १८९४ मध्ये आला. गांजाचे माफक सेवन बहुतेकांना फारसे अपायकारक नाही, अतिसेवन मात्र अपायकारक आहे. पूर्ण बंदी आवश्यक नाही आणि सोयीचीही नाही. कर, परवाना आणि मर्यादित दुकाने हाच मार्ग बरा, असा त्याचा निष्कर्ष होता. हा अहवाल आजही जगभर उद्धृत होतो. मात्र तो वाचताना हेही स्मरणात ठेवावे, की आयोग नेमणाऱ्या सरकारला त्याच गांजापासून महसूल मिळत होता.

स्वातंत्र्यानंतर

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये आणि आरोग्याला घातक अंमली द्रव्ये यांच्या बंदीसाठी प्रयत्न करण्याचे मार्गदर्शन राज्याला केले. पण दारू हा विषय आणि तिच्यावरचा कर, दोन्ही राज्यसूचीत आहेत. म्हणजे बंदी आणण्याची अपेक्षा आणि विक्रीतून मिळणारे उत्पन्न एकाच सरकारच्या पदरात पडले. आपल्या राज्याचा मूळ कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदी अधिनियम. नाव बंदीचे असले तरी परवान्यांची सारी व्यवस्था त्याच्याच आधारे चालते.

गांजाची वाट वेगळी झाली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचा नशेसाठी होणारा वापर २५ वर्षांच्या मुदतीत थांबवण्याचे ठरले होते. भारताने १९८५ मध्ये अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम केला. त्यात गांजा आणि चरस आले. शेंडे नसलेली पाने व्याख्येबाहेर राहिली. त्यामुळे राजस्थान आणि उत्तर प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने चालू राहिली. गांजाच्या दुकानांचा प्रश्न मात्र केंद्रीय कायद्याने मिटवला. त्यात गावाचे मत विचारण्याचा संबंध उरला नाही.

यानंतरचा मोठा टप्पा १९९६ चा, ज्याला आपण ‘पेसा’ म्हणतो तो कायदा. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना आणि पंचायतींना मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी घालण्याचा किंवा नियमन करण्याचा अधिकार राज्यांनी द्यावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गडचिरोलीतील एटापल्ली, अहेरी, सिरोंचा, धानोरा, कुरखेडा हे भाग आणि चंद्रपूरमधील राजुरा परिसर अनुसूचित क्षेत्रात येतो. १८९० मध्ये ज्या लोकमताचा ‘वाजवी मान’ राखायचा होता, त्याला एका शतकानंतर कायद्याचा अधिकार मिळाला.

गडचिरोली, १९९३

पण गडचिरोलीतले लोक पेसाची वाट पाहत थांबले नव्हते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात १९८० च्या दशकात ग्रामसभेचे काम उभे राहिले. दारूचा प्रश्न तिथल्या स्त्रियांनी पुढे आणला आणि गावाने चर्चा करून एकमताने बंधने ठरवली. देवपूजेच्या प्रसंगी लागणाऱ्या मोहाच्या दारूला गोंड समाजात स्थान आहे. तिचाही विचार गावाने केला. बाहेरून येणाऱ्या कायद्याला पूजेची दारू आणि धंद्याची दारू यांत भेद करणे कठीण जाते. गावाला तो भेद ठाऊक असतो.

त्याच सुमारास डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था जिल्ह्यात आरोग्याचे काम करत होती. गावोगावच्या लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, सांगितलेल्या प्रश्नांत दारू वर होती. जिल्हा दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली, तिच्यात अनेक संघटना आल्या, गावांनी ठराव केले, काही गावांनी स्वतःच विक्री थांबवली. मार्च १९९३ मध्ये शासनाने जिल्ह्यात दारूबंदी लागू केली. याआधी १९७० च्या दशकात वर्धा जिल्ह्यात बंदी आली होती, पण तिथे कारण गांधीजींच्या वास्तव्याचे होते. गडचिरोलीची बंदी लोकांनी मागून घेतलेली होती.

सिरोंच्याजवळ प्राणहिता आणि गोदावरी ओलांडली की तेव्हाचा आंध्र प्रदेश लागे. तिथेही याच वर्षांत नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावातून सुरू झालेले स्त्रियांचे आंदोलन राज्यभर पसरले होते. ऑक्टोबर १९९३ मध्ये तिथे स्वस्त देशी दारूवर बंदी आली, १९९५ मध्ये पूर्ण दारूबंदी आली आणि १९९७ मध्ये ती शिथिल झाली. महसूल बुडाल्याचे कारण पुढे आले होते.

गडचिरोलीतली बंदी टिकली. दारू मात्र संपली नाही. मोह जंगलातच होता, सीमेपलीकडे दुकाने होती. म्हणून २०१६ पासून शासन आणि सर्च यांच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ हा दारू व तंबाखू कमी करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावसमित्या, ग्रामसभांचे ठराव, पोलिसांची कारवाई आणि व्यसनींवर उपचार ही अंगे एकत्र आणली गेली. बंदीचा हुकूम निघाल्यानंतर २३ वर्षांनी असा कार्यक्रम लागावा, यातच हुकूम आणि अंमल यांतले अंतर दिसते.

चंद्रपूर, २०१५ ते २०२१

चंद्रपुरात मागणी जोर धरू लागली ती ‘श्रमिक एल्गार’ संघटनेच्या पारोमिता गोस्वामी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांच्या आंदोलनातून. डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. शासनाने समिती नेमली. २० जानेवारी २०१५ रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली.

चंद्रपूर हा गडचिरोलीसारखा जिल्हा नाही. जंगल आहे, पण कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीजकेंद्र, सिमेंटचे कारखाने आणि बल्लारपूरचा कागद कारखानाही आहे. कामगारवस्त्या मोठ्या, रेल्वे आणि महामार्ग हाताशी, यवतमाळ, नागपूर आणि तेलंगणाच्या सीमा जवळ. चोरटी वाहतूक वाढली. २०१८ मध्ये नागभीड भागात दारूची गाडी अडवताना एका पोलीस अधिकाऱ्याला जीव गमवावा लागला.

२७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठवली. आधार होता निवृत्त सनदी अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीच्या अहवालाचा. अवैध विक्री आणि गुन्हे वाढले, स्त्रिया व मुलांचा त्यासाठी वापर होऊ लागला, ही कारणे देण्यात आली. जुलै २०२१ मध्ये दुकाने उघडली. बंदीच्या बाजूच्यांचे म्हणणे होते, की अंमल नीट झाला नाही हे बंदी उठवण्याचे नव्हे, तर अंमल सुधारण्याचे कारण आहे. विरोधकांचे म्हणणे असे, की जी बंदी पाळून घेता येत नाही ती फक्त चोरट्यांचा नफा वाढवते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. याच सुमारास गडचिरोलीच्या बंदीचा फेरविचार होणार अशी चर्चा निघाली, तेव्हा तिथल्या शेकडो गावांनी बंदी कायम ठेवण्याचे ठराव पाठवले. तिथली बंदी आजही कायम आहे.

आम्हांला या दोन तारखांमध्ये एक साम्य दिसते. २०१५ ची बंदी आणि २०२१ ची मोकळीक हे दोन्ही निर्णय मुंबईत मंत्रिमंडळाने घेतले. समित्या नेमल्या, निवेदने घेतली. पण गावोगाव गुप्त मतदान झाले नाही. एका दुकानासाठी मतपत्रिका छापणारे शासन साऱ्या जिल्ह्यासाठी तसे करत नाही. म्हणून जे ग्रामपंचायतींच्या ठरावांनी आले ते ग्रामपंचायतींना पुन्हा न विचारता जाऊ शकले.

मतदानाचे गणित आणि पैशाचे गणित

आता सुरुवातीच्या मतदानाकडे परत येऊ. समजा एका गावात ८०० महिला मतदार आहेत. मागणीसाठी २०० जणींच्या सह्या हव्यात, दुकान बंद होण्यासाठी ४०१ मते. मतदानाला ५०० स्त्रिया आल्या आणि ३९० जणींनी आडवी बाटली निवडली, तर आलेल्यांपैकी ७८ टक्के बंदीच्या बाजूने असूनही दुकान चालू राहते. जी मजुरीला गेली, जिला घरातून येऊ दिले नाही, जी आजारी होती, तिचे मत न देणे उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. सरपंचाच्या किंवा आमदाराच्या निवडणुकीत अशी अट नसते.

दुसरे गणित पैशाचे. दुकानाचा महसूल राज्याच्या तिजोरीत जातो. मारहाण, कर्ज, आजारपण आणि शाळा सुटलेली मुले हा खर्च गावात राहतो. ओंटारिओत नगरपालिकांना दुकानांमुळे पडणाऱ्या कामासाठी निधी देण्यात आला. दुकाने नाकारणाऱ्यांना त्याचा वाटा कमी मिळाला. त्यातही दोष आहे, कारण गरीब पालिका पैशासाठी होकार देईल. पण निर्णय घेणारा आणि परिणाम भोगणारा एकच असावा, हा विचार तिथे निदान हिशेबात धरला गेला.

या साऱ्या इतिहासातून आम्ही काढतो तो निष्कर्ष असा : जो निर्णय गावाने चर्चेने घेतला आणि ज्याची राखण गाव स्वतः करते, तो दूरच्या हुकमापेक्षा अधिक टिकतो. मात्र एकटे गाव पुरे पडत नाही. शेजारच्या गावचे दुकान आणि महामार्गावरची गाडी त्याच्या हाताबाहेर असते. तिथे शासनाचे बळ लागतेच.

वर्गात करता येण्यासारखे

मतदानाचे वरचे उदाहरण गणिताच्या तासाला घ्या. मतदान ५०, ६०, ७० आणि ८० टक्के झाले, तर ‘आडव्या बाटली’ला आलेल्या मतांपैकी किती टक्के मते लागतील, याचा आलेख मुलांकडून काढून घ्या. विज्ञानाच्या तासाला साखरेच्या पाण्यात यीस्ट घालून बाटलीच्या तोंडाला फुगा लावा आणि किण्वनाने होणारा वायू पाहा. नागरिकशास्त्रात वर्गाची ग्रामसभा भरवून ठराव मांडा. एक गट दुकानदाराचा, एक गट स्त्रियांचा, एक गट शेजारच्या गावाचा आणि एक गट महसुलाचा हिशेब सांगणाऱ्या अधिकाऱ्याचा असू द्या. ठराव मंजूर झाल्यावर शेवटचा प्रश्न मुलांपुढे ठेवा : उद्या सकाळपासून हा ठराव पाळला जाईल हे कोण पाहणार? ग्रामसभा पुढे चालू ठेवा आणि त्या कामाचे वाटप मुलांनाच करू द्या.